97 ठाण्यांची कंपनी 76 ठाण्यांच्या कंपनीत कशी विरली

मार्च 1668 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने बायकोच्या हुंड्यात आलेलं मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. भाडं वर्षाला 10 पौंड. त्याच वर्षीच्या जूनमध्ये 'नॉनसच' नावाचं एक चिमुकलं जहाज टेम्स नदीतून निघालं आणि उत्तर अमेरिकेतल्या हडसन उपसागरात जाऊन बर्फात अडकून हिवाळाभर राहिलं. पुढच्या वर्षी ते बीव्हरची कातडी घेऊन लंडनला परतलं. 2 मे 1670 रोजी राजाने आपला आतेभाऊ प्रिन्स रूपर्ट आणि त्याच्या भागीदारांना सनद लिहून दिली : या उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्या जिथून वाहतात तो सगळा मुलूख तुमचा, व्यापारही फक्त तुमचा. हा मुलूख किती मोठा, हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही. आज मोजला तर तो सुमारे 39 लाख चौरस किलोमीटर भरतो, म्हणजे आपल्या भारताहून मोठा. भाडं काय, तर राजा कधी तिकडे आला तर दोन एल्क हरणं आणि दोन काळे बीव्हर. तिथे राहणाऱ्या क्री, असिनिबोइन, देने लोकांना कुणी विचारलं नाही. ते आपल्याकडेही कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

ही हडसन बे कंपनी. तिचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास सांगायचा इथे इरादा नाही. एकच प्रसंग घ्यायचा आहे, 1821 च्या विलीनीकरणाचा. कारण त्यात एक कोडं आहे. त्या वर्षी जी कंपनी नावासकट पुसली गेली, ती नॉर्थ वेस्ट कंपनी, सगळ्या दृष्टींनी मोठी होती. व्यापारी ठाणी तिची 97, हडसन बेची 76. माणसं तिची जास्त, हिंमत तिची जास्त, आणि प्रदेशाची माहितीही तिचीच जास्त. मग विरली ती का?

माल काय होता, ते आधी सांगतो. बीव्हरच्या लांब राठ केसांखाली मऊ दाट लोकर असते, आणि तिच्या प्रत्येक तंतूला बारीक आकडे असतात. दाबली, भिजवली, रगडली की ती घट्ट जमते. तिचा फेल्ट होतो आणि त्या फेल्टची टोपी पावसात आकार सोडत नाही. युरोपातले बीव्हर टोप्यांपायी संपत आले होते. गंमत अशी की सुरुवातीला सर्वांत जास्त भाव कोऱ्या कातड्याला नव्हता, स्थानिक लोकांनी बराच काळ अंगात घालून वापरलेल्या कातड्याला होता. अंगाच्या घामातेलाने राठ केस झडून गेलेले असत आणि टोपीवाल्याचं निम्मं काम वाचे. उपसागराच्या काठी तर बीव्हर हेच नाणं झालं. बंदुकीचा, किटलीचा, कांबळ्याचा भाव बीव्हरमध्येच सांगत.

पहिली शंभर वर्षं हडसन बे कंपनीने एक साधी गोष्ट केली. ती किनाऱ्यावर बसून राहिली. हेज नदीच्या मुखाशी यॉर्क फॅक्टरी हे तिचं मुख्य ठाणं. क्री आणि असिनिबोइन मध्यस्थ आतल्या भागातून नावा भरभरून कातडी आणत, माल घेऊन परत जात. उन्हाळ्यात लंडनहून जहाज येई आणि बर्फ धरायच्या आत परत फिरे. 1752 मध्ये जोसेफ रॉबसन नावाच्या तिच्याच एका माजी नोकराने लिहिलं की कंपनी गोठलेल्या समुद्राकाठी 80 वर्षं झोपली आहे. हा टोमणा इतिहासात चिकटून राहिला. मला ती झोप वाटत नाही. गिऱ्हाईक आपल्या पायांनी दुकानात येत असेल तर कोणता वाणी डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव हिंडेल?

पण पलीकडच्या आळीत दुसरा दुकानदार आला.

मॉन्ट्रियलची माणसं

1763 मध्ये फ्रेंच कॅनडा इंग्रजांच्या हाती आला आणि मॉन्ट्रियलच्या फर व्यापारात स्कॉटिश व्यापारी शिरले. जंगलवाटा फ्रेंच, वल्हवणारे फ्रेंच, भांडवल आणि हिशेब स्कॉटिश. 1779 मध्ये 16 वाट्यांची एक भागीदारी झाली आणि 1783-84 मध्ये ती पक्की झाली. सूत्रं होती सायमन मॅकटॅव्हिश आणि फ्रोबिशर बंधूंकडे, पुढे मॅकटॅव्हिशचा पुतण्या... नाही, भाचा, विल्यम मॅकगिलिव्हरे याच्याकडे. (या धंद्यात आडनावं इतकी गुंतलेली आहेत की लिहिणाऱ्याची जीभ अडखळते.)

हे लोक गिऱ्हाइकाच्या दारात गेले. पीटर पाँड 1778 मध्येच दूर वायव्येच्या अथाबास्का प्रदेशात पोचला होता. तिथली थंडी जबर, म्हणून तिथली फरही सर्वांत दाट. अलेक्झांडर मॅकेन्झी 1789 मध्ये तिथून उत्तर ध्रुवीय समुद्रापर्यंत आणि 1793 मध्ये पॅसिफिकपर्यंत गेला. हडसन बेचा मोजणीदार डेव्हिड थॉम्पसन 1797 मध्ये नोकरी सोडून यांच्याकडे आला. शतक संपता संपता फर व्यापाराचा तीन चतुर्थांशांहून मोठा हिस्सा या बिनसनदी कंपनीच्या हातात होता. हडसन बेने 1774 मध्ये सॅम्युएल हर्नकडून कंबरलँड हाऊस हे पश्चिमेच्या आतल्या भागातलं पहिलं ठाणं वसवलं खरं, पण ती वरात निघून गेल्यावर आणलेली घोडी होती.

या कंपनीचा जीव तिच्या रचनेत होता. भागीदार दोन प्रकारचे. मॉन्ट्रियलमधले माल मागवत, कर्ज उचलत, कातडी विकत. 'हिवाळी भागीदार' स्वतः जंगलातल्या ठाण्यांवर राहत. ते पगारी कारकून नव्हते, नफ्याचे वाटेकरी होते. उणे 40 अंशांत एखादा माणूस आठ दिवस बर्फातून चालत शेजारच्या टोळीकडे जातो तो पगारासाठी नाही, वाट्यासाठी. हडसन बेचे नोकर बहुतेक ऑर्कनी बेटांवरून आणलेले आणि ठरलेल्या पगारावर ठेवलेले. त्यांनी जास्त धावून काय मिळवायचं होतं?

दरवर्षी जुलैत दोन्ही बाजूंचे भागीदार सुपीरियर सरोवराच्या काठी भेटत. आधी ग्रँड पोर्टेजला, मग ती जागा अमेरिकेच्या हद्दीत पडल्यामुळे कमिनिस्टिक्विया नदीच्या मुखाशी. त्या ठाण्याला पुढे मॅकगिलिव्हरेच्या नावावरून फोर्ट विल्यम म्हणू लागले. तिथल्या मोठ्या दालनात जेवणावळी होत, हिशेब होत, भांडणंही होत.

नकाशा

आता कोड्याची पहिली गाठ. मॉन्ट्रियलहून निघालेली सुमारे 36 फुटांची भूर्जसालीची मोठी नाव आठ-दहा माणसं वल्हवत सुपीरियरपर्यंत आणत. वाटेत धबधबे आणि खडक. तिथे नाव उचलायची, माल पाठीवर घ्यायचा. प्रत्येक गठ्ठा 90 पौंडांचा, म्हणजे 40 किलोहून थोडा जास्त, आणि एका खेपेला माणशी दोन गठ्ठे. सुपीरियरपाशी माल लहान नावांत भरायचा आणि पुढे पश्चिमेला जायचं. अथाबास्काच्या तुकड्यांना तर बर्फ धरायच्या आत फोर्ट विल्यमपर्यंत येऊन परत जाणंच जमत नसे. त्यांच्यासाठी अलीकडे रेनी लेकला वेगळा अड्डा ठेवावा लागे.

मॅकेन्झीने या धंद्याचं कालपत्रक लिहून ठेवलं आहे. 1798 सालच्या मालाची मागणी ऑक्टोबर 1796 मध्ये जाई. 1797 मध्ये माल कॅनडात येई, 1798 च्या मेमध्ये नावांत चढे, त्या हिवाळ्यात त्याची फर होई. फर 1799 च्या शरदात मॉन्ट्रियलला येई आणि लंडनमध्ये तिचे पैसे व्हायला 1800 उजाडे. साडेतीन वर्षं पैसा अडकलेला, आणि तो बहुतेक उधारीचा.

हडसन बेचं जहाज थेट खंडाच्या पोटात, यॉर्क फॅक्टरीला येऊन थांबे. तिथून पश्चिमेच्या नद्या जवळ. म्हणजे कमी हुशार कंपनीकडे जास्त चांगला रस्ता होता, आणि तो सनदेने बंद केलेला होता. नॉर्थ वेस्टवाल्यांना हे कळत नव्हतं असं नाही. 1803 मध्ये मॅकटॅव्हिशने सनद धाब्यावर बसवून 'एडीस्टोन' नावाचं जहाज सरळ उपसागरात पाठवलं. पुढे मॅकेन्झी हडसन बेचे शेअर विकत घेऊ लागला, तेही त्या रस्त्यासाठीच. एकही डाव साधला नाही.

दुसरी गाठ पैशाची. भागीदारी असल्यामुळे नफा झाला की वाटला जाई, गंगाजळी अशी उरतच नसे. शिवाय करार ठरावीक मुदतीचा. मुदत संपत आली की जो तो आपलं गाठोडं सांभाळू लागे. हडसन बेकडे भागभांडवल होतं, लंडनमध्ये पत होती, आणि सनदेला मुदतच नव्हती. नेपोलियनने युरोपच्या बाजारपेठा बंद केल्या तेव्हा 1809 ते 1814 या काळात तिने भागधारकांना दमडी लाभांश दिला नाही, तरी ती उभी राहिली. लाभांशाविना पाच-सहा वर्षं काढणं नॉर्थ वेस्टच्या कुठल्याही भागीदाराला परवडलं नसतं.

पेमिकन

मॅकेन्झीबरोबर शेअर घेणारा आणखी एक जण होता, लॉर्ड सेलकर्क. त्याला फरमध्ये फारसा रस नव्हता. स्कॉटलंडमध्ये मेंढ्यांसाठी कुळांना जमिनीवरून हाकलत होते, त्यांना कॅनडात वसवायचं वेड त्याला लागलं होतं. त्याचा मेहुणा अँड्र्यू वेडरबर्न 1810 पासून कंपनीच्या कारभारी मंडळात होता. त्याने खर्च कापला आणि अधिकाऱ्यांना नफ्यात वाटा द्यायला सुरुवात केली, म्हणजे शत्रूची युक्ती उचलली. 1811 मध्ये कंपनीने सेलकर्कला रेड रिव्हरच्या खोऱ्यात 1,16,000 चौरस मैल जमीन दिली. किंमत 10 शिलिंग. दुसऱ्याची जमीन स्वस्तात देण्यात तिने राजाचा कित्ता गिरवला.

ही जमीन नेमकी नॉर्थ वेस्टच्या जेवणाच्या ताटावर होती. वल्हवणाऱ्यांना दिवसभर राबायचं असे, वाटेत शिकारीला वेळ नसे. त्यांचं अन्न पेमिकन : गव्यासारख्या बायसनचं मांस वाळवून, कुटून, त्यात वितळलेली चरबी ओतून कातडी पिशवीत भरलेलं. पिशवी 90 पौंडांची आणि खराब न होणारी. ते बनवत रेड रिव्हरकाठचे मेती लोक, युरोपीय बाप आणि स्थानिक आया यांच्या वंशातून झालेला समाज. 8 जानेवारी 1814 रोजी सेलकर्कचा गव्हर्नर माइल्स मॅकडॉनेल याने फर्मान काढलं की या प्रदेशातून पेमिकन बाहेर न्यायचं नाही. त्याच्या वसाहतवाल्यांना खायला नव्हतं हे खरं. पण मेतींना तो त्यांच्या चुलीवर घातलेला हात वाटला, आणि नॉर्थ वेस्टने ही समजूत दूर करण्याचा काही प्रयत्न केला नाही.

19 जून 1816 रोजी, आज जिथे विनिपेग शहर आहे तिथे, सेव्हन ओक्स नावाच्या जागी कथबर्ट ग्रँटच्या नेतृत्वाखालचे मेती घोडेस्वार आणि नवा गव्हर्नर रॉबर्ट सेंपल यांची गाठ पडली. ग्रँटचा माणूस बोलायला पुढे आला. शब्दाने शब्द वाढला, सेंपलने त्याच्या घोड्याचा लगाम धरला. काही मिनिटांत सेंपल आणि त्याची 20 माणसं मेली. मेतींचा एक. ऑगस्टमध्ये सेलकर्कने भाडोत्री सैनिक नेऊन थेट फोर्ट विल्यम ताब्यात घेतलं आणि विल्यम मॅकगिलिव्हरेला अटक केली. मग कॅनडाच्या कोर्टांत खटल्यांवर खटले. सेलकर्कची तब्येत आणि तिजोरी दोन्ही त्यात खलास झाली. 1820 च्या एप्रिलमध्ये तो फ्रान्समध्ये वारला. मॅकेन्झी त्याच्या महिनाभर आधी गेला होता.

अथाबास्कातही हेच चाललं होतं. 1815-16 च्या हिवाळ्यात हडसन बेची माणसं तिथे पाठवली तेव्हा नॉर्थ वेस्टने शिकाऱ्यांना त्यांच्याशी बोलूही दिलं नाही, आणि दहापेक्षा जास्त माणसं उपासमारीने मेली. 1819 मध्ये हडसन बेचा गव्हर्नर विल्यम विल्यम्स याने सस्कॅचेवान नदीवरच्या ग्रँड रॅपिड्सपाशी दबा धरून नॉर्थ वेस्टच्या भागीदारांना पकडलं. पुढच्या वर्षी त्याच जागी नॉर्थ वेस्टने हडसन बेच्या कॉलिन रॉबर्टसनला पकडलं. दोन्ही बाजूंच्या हातात वॉरंटं असत. कायदा नव्हता म्हणून हे झालं असं म्हणतात, मला तर त्या जंगलात कायद्याचे कागद जरा जास्तच झाले होते असं वाटतं. या सगळ्यात स्थानिक शिकाऱ्यांना दोन गिऱ्हाइकं मिळाली, भाव चांगला मिळाला, आणि दारूही पिंपांनी मिळाली. बीव्हर मात्र झपाट्याने संपू लागले.

सह्या

1820 मध्ये विल्यम्सला अटक झाली तर गादी रिकामी राहू नये म्हणून लंडनने एक बदली गव्हर्नर पाठवला. जॉर्ज सिम्पसन. स्कॉटलंडमध्ये विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला, लंडनच्या साखरेच्या दलालीत वाढलेला, वेडरबर्नच्या पेढीतला माणूस. फरचा त्याला गंधही नव्हता. त्याला थेट अथाबास्कात पाठवलं. तिथे नॉर्थ वेस्टच्या फोर्ट चिपेवायनसमोर, फोर्ट वेडरबर्नमध्ये त्याने हिवाळा काढला. काय केलं? नोंदी केल्या. कोण किती खातो, कोणाला किती पगार, कुठे माल वाया जातो, समोरचा काय करतो.

पण निकाल जंगलात लागला नाही, फोर्ट विल्यमच्या दालनात लागला. नॉर्थ वेस्टचा करार 1822 मध्ये संपणार होता. मॅकगिलिव्हरे बंधूंना तो वाढवून हवा होता. हिवाळी भागीदारांनी हिशेब मागितले. बऱ्याच वर्षांत त्यांच्या वाट्याला पूर्वीसारखं काही आलं नव्हतं आणि मॉन्ट्रियलची पेढी आपल्याला काय दाखवते यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. 1820 च्या उन्हाळ्यात 18 भागीदारांनी डॉ. जॉन मॅकलॉक्लिन आणि अँगस बेथ्यून यांना मुखत्यारी दिली आणि हे दोघे हडसन बेशी परस्पर बोलायला लंडनला गेले. तिकडे विल्यम आणि सायमन मॅकगिलिव्हरे व कंपनीचा लंडनमधला प्रतिनिधी एडवर्ड एलिस हेही बोलणी करतच होते. आपलीच माणसं दुसऱ्या दाराने शिरलेली कळल्यावर त्यांच्या हातात घासाघीस करण्यासारखं काय राहिलं? वसाहत मंत्री लॉर्ड बॅथर्स्ट रक्तपाताच्या बातम्यांना वैतागला होता, त्यालाही समझोता हवा होता.

26 मार्च 1821 रोजी करार झाला. नाव हडसन बे, रस्ता यॉर्क फॅक्टरीचा, सनद तीच. नफ्याचे 100 भाग, त्यातले 40 प्रत्यक्ष मैदानातल्या अधिकाऱ्यांना. या 40 चे 85 तुकडे : 25 मुख्य फॅक्टरांना (वरचे अधिकारी) प्रत्येकी दोन, 28 मुख्य ट्रेडरांना (त्यांच्या खालचे) प्रत्येकी एक, उरलेले सात निवृत्तांसाठी. म्हणजे नॉर्थ वेस्टची वाट्याची पद्धतच नव्या कंपनीने घेतली. त्या 53 अधिकाऱ्यांपैकी 32 जुने नॉर्थ वेस्टवाले होते. पार्लमेंटने कायदा केला आणि डिसेंबरमध्ये सनदेबाहेरच्या पश्चिमेकडच्या मुलखातही 21 वर्षांची मक्तेदारी मिळाली.

कोण जिंकलं, याचं उत्तर म्हणून सरळ देता येत नाही. हिवाळी भागीदारांना हवं होतं ते मिळालं. मॉन्ट्रियल हरलं. जुलैत विल्यम मॅकगिलिव्हरेने फोर्ट विल्यमहून एका परिचित पाद्र्याला लिहिलं की फर व्यापार कॅनडाच्या हातून कायमचा गेला. चार वर्षांत त्याची पेढी बुडाली आणि तोही वारला.

त्याच उन्हाळ्यात यॉर्क फॅक्टरीत दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना एका पंगतीत बसवलं. काल-परवापर्यंत एकमेकांना बेड्या घालणारे समोरासमोर. सुरुवातीला दोन टोळकी वेगळीच उभी होती म्हणे, कुणी हलेना. मग दारूने आणि भुकेने काम केलं.

सिम्पसनला उत्तर विभाग मिळाला आणि पुढे जवळजवळ 40 वर्षं, 1860 मध्ये मरेपर्यंत, त्याने राज्य केलं. जवळपास 2000 नोकरांचे 1825 पर्यंत 800 च्या आसपास राहिले. जिथे दोन ठाणी समोरासमोर होती तिथे एक उरलं. दारू कमी केली, काही भागांत बीव्हरच्या शिकारीवर मर्यादा घातली, आणि अमेरिकन व्यापारी येऊ नयेत म्हणून स्नेक नदीच्या खोऱ्यात मुद्दाम बीव्हर संपवायला लावले. एकाच माणसाचं हे संवर्धन आणि हाच संहार, दोन्ही हिशेबातून आलेले. 1828 मध्ये तो यॉर्क फॅक्टरीहून पॅसिफिकपर्यंत नावेने गेला तेव्हा बरोबर बॅगपाइप वाजवणारा स्कॉटिश वादक होता. ठाणं जवळ आलं की वादन सुरू. 1832 मध्ये त्याने अधिकाऱ्यांच्या स्वभावाची एक खाजगी वही लिहिली, नावांऐवजी आकडे घालून. मार्गारेट टेलर या मेती बाईपासून त्याला मुलं होती. तिला काही न कळवता 1830 मध्ये तो लंडनहून नात्यातली फ्रान्सिस लग्न करून घेऊन आला. माणसांचाही तो असाच ताळेबंद मांडत असावा. स्थानिक लोकांबद्दल 1822 मध्येच त्याने लंडनला लिहिलं होतं की त्यांना लोखंडी दंडानेच ताब्यात ठेवलं पाहिजे. समोरचं दुकान बंद झाल्यावर असं लिहिणं सोपं असतं.

ज्या कथबर्ट ग्रँटच्या माणसांनी सेंपलला मारलं, त्यालाच सिम्पसनने 1828 मध्ये पगार देऊन 'मैदानांचा रखवालदार' नेमलं. काम : मेतींचा चोरटा फर व्यापार थांबवणं. काही वर्षं जमलं. पण मेती कातडी घेऊन दक्षिणेला अमेरिकन व्यापाऱ्यांकडे जातच राहिले. शेवटी कंपनीने गिय्योम सेयर आणि आणखी तिघांवर खटला भरला. 17 मे 1849 रोजी रेड रिव्हरच्या कोर्टात सेयर दोषी ठरला. बाहेर शेकडो मेती बंदुका घेऊन उभे होते. ज्यूरीने दयेची शिफारस केली, कंपनीने शिक्षेचा आग्रह धरला नाही आणि सेयर मोकळा दाराबाहेर आला. 1670 ची सनद तशीच होती, 1821 चा करार तसाच होता. बाहेरच्या गर्दीने फ्रेंचमध्ये आरोळी ठोकली, ''व्यापार खुला झाला!'' आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांनी तो तसा करायला सुरुवात केली.